कुंडलिकेपासून सागरापर्यंत : किनारा-स्वच्छता आणि सागरी संवर्धनाचे उन्हाळी प्रशिक्षण

जालना जिल्ह्याला समुद्र नाही. जिल्ह्यातील कोणत्याही गावाहून निघाले तरी कोकणचा किनारा गाठेपर्यंत एक रात्र प्रवासात जाते. म्हणूनच महाविद्यालयात शिकणारे आमचे माजी विद्यार्थी जेव्हा घरी सांगतात, की उन्हाळ्याच्या सुट्टीत समुद्रकिनाऱ्यावर स्वच्छतेची आणि सागरी जीवांच्या संवर्धनाची इंटर्नशिप करावयाची आहे, तेव्हा दोन प्रश्न हमखास पुढे येतात. पहिला प्रश्न असा, की समुद्राशी आपला संबंध काय? दुसरा त्याहून खोल असतो आणि तो बहुधा घरातील वडीलधारी माणसे विचारतात : कचराच उचलायला पाठवायचे होते, तर मुलांना शिकवले कशाला?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. शाळेच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यासमोर हा विषय मांडताना आम्ही या प्रश्नांची उत्तरे देण्याचा प्रयत्न करीत आहोत. असे प्रशिक्षण म्हणजे नेमके काय, त्यात कोणते काम करावे लागते, कोणती काळजी घ्यावी लागते आणि त्यातून आपल्या जिल्ह्याच्या पदरात काय पडते, हे समजल्यावर निर्णय ज्याने त्याने घ्यावा.

समुद्राशी आपला संबंध

इतिहासापासूनच आरंभ करू. आपल्या जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सातवाहन काळातील हे भरभराटीचे नगर होते. सांचीच्या स्तूपासाठी दान देणाऱ्यांत भोगवर्धनचे लोक होते, हे तेथील कोरीव लेख सांगतात. भोकरदनच्या उत्खननात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी विलक्षण साम्य असलेली मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई या, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या, नगरात सापडली होती. दख्खनच्या पठारावरील कारागिरी सह्याद्रीचे घाट उतरून, पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून गलबतांवर चढून रोमन जगापर्यंत पोहोचत होती. समुद्र आपल्या नकाशात नसला तरी तो आपल्या व्यवहारात दोन हजार वर्षांपूर्वीही होता.

आजचा संबंध पाण्याचा आहे. जालना शहरातून वाहणारी कुंडलिका दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांच्या दक्षिण सीमेवरून तर गोदावरी स्वतःच वाहते. त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी ही नदी अरबी समुद्रापासून इतकी जवळ जन्मूनही पूर्वेकडे वळते आणि सुमारे १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. पहिल्या मोठ्या पावसात आपल्या नाल्यांतून जे वाहून जाते, त्याची दिशा तीच. गुटख्याच्या पुड्या, पाण्याचे पाऊच, बियाण्यांच्या रिकाम्या पिशव्या, कीटकनाशकांच्या बाटल्या, मोसंबीच्या बागेतील ठिबकच्या तुटक्या नळ्या, फाटलेला मल्चिंग पेपर हे सारे त्यात आले. यातील बराचसा कचरा वाटेतील बंधाऱ्यांत, धरणांत आणि काठच्या शेतांत अडकतो, हे खरे. पण अडकलेले प्लास्टिक नाहीसे होत नाही. उन्हाने ते ठिसूळ होते, त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात आणि पुढच्या पुरात ते कण पुन्हा चालू लागतात.

कोणी म्हणेल, आपले पाणी पूर्वेच्या समुद्राला जाते आणि मुले तर पश्चिमेच्या किनाऱ्यावर कामाला जाणार, मग मेळ कसा बसायचा? या शंकेचे उत्तर एका कासवीने दिले आहे. २०२१ मध्ये ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनी एका ऑलिव्ह रिडले जातीच्या मादीच्या पराला क्रमांकाची धातूची पट्टी लावली होती. तीच मादी जानेवारी २०२५ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. तिने कमीत कमी ३,५०० किलोमीटर अंतर कापले असावे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आपण ज्यांना दोन समुद्र म्हणतो, ते तिच्या दृष्टीने एकच पाणी आहे. हे आहे म्हणून ते होते, हा कार्यकारणभाव आपण धम्माच्या वर्गात शिकतो. त्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल.

प्रशिक्षणात नेमके काय असते

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर असे काम अनेक ठिकाणी चालते. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ मध्ये मंडणगड तालुक्यातील वेळास येथे सागरी कासवांच्या संरक्षणाचे काम सुरू केले. पूर्वी या किनाऱ्यांवर कासवांची अंडी उकरून खाल्ली वा विकली जात. त्याच गावांतील तरुण पुढे ‘कासवमित्र’ झाले आणि २००६ पासून वेळासला कासव महोत्सव भरू लागला. पर्यटकांची सोय गावकऱ्यांच्याच घरी होत असल्याने संरक्षणातून चार पैसे गावात राहू लागले. राज्याच्या वनविभागाने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. खाडीकाठची कांदळवने, कासवांची घरटी, किनाऱ्यावर वाहून येणारे जखमी जीव यांची जबाबदारी हा कक्ष आणि त्याच्याशी संलग्न कांदळवन प्रतिष्ठान पाहते. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर २०१५ मध्ये अफरोज शाह या वकिलाने शेजाऱ्यांना सोबत घेऊन दर आठवड्याला सफाई सुरू केली. २०१८ च्या मार्चमध्ये त्याच किनाऱ्यावर कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना लोकांनी पाहिली.

प्रशिक्षणार्थीचा दिवस घड्याळाने नव्हे, भरती-ओहोटीने ठरतो. दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते आणि प्रत्येक दिवशी ती सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते आणि तेव्हाच ओहोटीही सर्वांत दूर जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि पाण्याची चढउतार कमी राहते. त्यामुळे भरती-ओहोटीचे वेळापत्रक वाचता येणे हा पहिला धडा. खडकाळ किनाऱ्यावरील जीवांची पाहणी मोठ्या ओहोटीच्या दोन-तीन तासांतच करता येते. तेवढ्या वेळात एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशी चौकट खडकावर ठेवून आतील शिंपले, खेकडे, समुद्रफुले, शेवाळ यांची नोंद करावयाची असते.

कासवांचे काम पहाटे असते. कोकणात मादी साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री वाळूत येते, मागच्या परांनी सुमारे दीड फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि परत जाते. कासवमित्र पहाटे तिच्या पावलांचा माग काढतात. कुत्री, कोल्हे यांच्यापासून धोका असेल तर अंडी काही तासांतच हलवून, तेवढ्याच खोलीचा नवा खड्डा करून कुंपणाच्या आत ठेवली जातात. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत येणाऱ्या विद्यार्थ्याला हंगामाचा शेवट पाहावयास मिळतो. घरट्यांचे तापमान नोंदणे, फुटलेली आणि न फुटलेली अंडी मोजणे, पिल्ले सोडताना गर्दीला दूर ठेवणे ही कामे त्याच्याकडे येतात. तापमानाच्या नोंदीला विशेष महत्त्व आहे. कासवाच्या पिल्लाचे लिंग वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक, थंड राहिली तर नर अधिक. उन्हाळे तापत चालले असताना ही साधी वही उद्याच्या संशोधनाचा पाया ठरते.

आता कचऱ्याविषयी. बाहेरून पाहणाऱ्याला हे काम झाडलोटीसारखे दिसते, पण किनारा झाडावयाचा नसतो. लाटांनी आणलेले वाळके शेवाळ, शिंपले, लाकडाचे ओंडके हे कचरा नव्हेत. त्यांच्या आधाराने लहान जीव जगतात आणि वाळू धरून राहते. घरट्यांच्या किनाऱ्यावर यंत्र फिरवले तर वाळू दबते आणि खालची अंडी व पिल्ले संकटात येतात. म्हणून तेथे काम हातानेच होते. शंभर मीटरचा पट्टा दोरीने आखला जातो. त्यातील माणसाने टाकलेली प्रत्येक वस्तू उचलून, वर्गवारी करून मोजली आणि तोलली जाते : बाटल्यांची झाकणे किती, चपला किती, जाळ्यांचे तुकडे किती, औषधांची वेष्टने किती. तोच पट्टा ठरावीक दिवसांनी पुन्हा मोजला जातो.

मोजणीला एवढे महत्त्व का? उचललेला कचरा पुढच्या भरतीला पुन्हा येतो, पण मोजलेला कचरा आपला पत्ता सांगतो. जाळ्यांचे तुकडे अधिक असतील तर बोलणे मच्छीमार सोसायटीशी करावे लागते, थर्माकोलच्या थाळ्या अधिक असतील तर पर्यटकांशी आणि दुकानदारांशी, वैद्यकीय कचरा असेल तर प्रशासनाशी. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकावयाच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. बंदी कागदावर राहिली की जमिनीवर उतरली, हे अशा मोजणीवाचून कळत नाही.

या कामात मच्छीमार हा शत्रू नसून सोबती आहे, हेही तेथे शिकता येते. जाळ्यात कासव किंवा अन्य संरक्षित जीव सापडल्यास जाळे कापून त्याला सोडणाऱ्या मच्छीमाराला नुकसानभरपाई देण्याची योजना राज्याने २०१८ च्या अखेरीस सुरू केली. भरपाईची मर्यादा पंचवीस हजार रुपये आहे. ज्याचे पोट जाळ्यावर आहे त्याला नुसता उपदेश न करता त्याचा तोटा भरून द्यावा, हा विचार आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या बाबतीतही उपयोगी पडणारा आहे.

“शिकवले कशाला?”

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. आपल्या समाजाला कचरा, घाण आणि मेलेली जनावरे या गोष्टी कामाची निवड म्हणून कधी मिळाल्या नाहीत, त्या जन्माबरोबर लादल्या गेल्या. १९२७ च्या मार्चमध्ये महाड येथे भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अवमानकारक चालीरीती टाकून देण्याचे आवाहन केले आणि २० मार्च रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. हाताने मैला उचलण्याच्या कामास प्रतिबंध करणारा कायदा २०१३ मध्ये पुन्हा नव्याने करावा लागला, यावरून ती साखळी किती चिवट आहे हे दिसते. ज्या आजीने आयुष्यभर दुसऱ्यांचे अंगण झाडले, तिला नातवाच्या हातातील कचऱ्याची पिशवी खुपली तर तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

परंतु कामाचा अपमान त्या वस्तूत नसतो, ते काम कोणावर, कोणत्या अटींवर आणि कोणत्या कारणाने टाकले जाते यात असतो. लादलेल्या कामात निवड नव्हती, साधने नव्हती, मोबदला नव्हता आणि करणाऱ्याचे नाव कोठेही लागत नव्हते. शास्त्रीय क्षेत्रकार्यात विद्यार्थी स्वतःहून अर्ज करतो. हातमोजे, बूट आणि चिमटा वापरतो. प्राध्यापकाची मुलगी, वनरक्षक आणि तो एकाच दोरीवर वाकतात. शेवटी जो अहवाल तयार होतो त्यावर त्याचे नाव असते. या अटी जेथे पाळल्या जातात तेथे हे काम प्रयोगशाळेतील कामाइतकेच प्रतिष्ठेचे आहे. जेथे पाळल्या जात नाहीत, जेथे ओझी आपल्या मुलांनी वाहावयाची आणि वही दुसऱ्यांनी धरावयाची अशी वाटणी आपोआप होते, तेथून आपल्या मुलांनी निःसंकोच परत यावे. आजीचा प्रश्न आम्हांला मागासलेला वाटत नाही. तो प्रशिक्षणाची पारख करण्याची कसोटी आहे.

येथे भूगोलाचा एक योग नोंदवावासा वाटतो. महाडवरून वाहणारी सावित्री नदी बाणकोटजवळ समुद्राला मिळते. त्या मुखापासून वेळासचा किनारा जवळच आहे. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे हेही वेळासच्याच मंडणगड तालुक्यात येते. ज्या नदीकाठच्या गावात पाण्यावरील समान हक्कासाठी आपली माणसे उभी राहिली, तिच्याच मुखाशी आज पाण्यातील जीवांचे रक्षण चालले आहे. ज्यांना पाणी नाकारले गेले होते, त्यांच्या नातवंडांनी पाण्याची राखण शिकावी, यात आम्हांला हक्काचाच पुढचा टप्पा दिसतो.

पाठवण्यापूर्वी काय पाहावे

संस्थेकडे अर्ज करण्यापूर्वी पुढील गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात, असे आम्ही सुचवतो.

१. राहण्या-जेवण्याची सोय कोण करतो आणि तिचा खर्च कोणाकडे? मुलींसाठी स्वतंत्र व सुरक्षित निवास आहे का?

२. हातमोजे, बूट, प्रथमोपचार पेटी मिळते का? किनाऱ्यावर फुटकी काच, गंजलेले पत्रे आणि इंजेक्शनच्या सुयाही सापडतात. धनुर्वाताची लस आधीच घेतलेली असावी.

३. मोजणी, नोंद आणि अहवाललेखन विद्यार्थ्याला शिकवले जाणार आहे का, की केवळ मनुष्यबळ म्हणून बोलावले आहे?

४. प्रमाणपत्रात कामाचे दिवस आणि स्वरूप नमूद होईल का? नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात कार्यप्रशिक्षण व क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांक आहेत. आपल्या महाविद्यालयाला हे काम मान्य आहे का, हे निघण्यापूर्वीच विचारावे.

५. देखरेख करणारी व्यक्ती किनाऱ्यावर प्रत्यक्ष हजर असते का?

यासोबत एक ताकीद. आपल्याकडची मुले विहिरीत आणि तळ्यात पोहायला शिकतात. समुद्राचे पाणी वेगळे असते. त्याला ओढ असते आणि ओहोटीचा प्रवाह पट्टीच्या पोहणाऱ्यालाही आत नेतो. सर्वेक्षणासाठी गेलेल्याने पाण्यात उतरू नये, खडकावर भरतीची वेळ होण्याआधी मागे फिरावे आणि एकट्याने कोठेही जाऊ नये. अठरा वर्षांखालील विद्यार्थ्यांना शिक्षकांच्या सोबतीनेच आणि थोड्या दिवसांसाठीच न्यावे. जूनपासून पावसाळी वारे सुरू होतात. १ जून ते ३१ जुलै या काळात मच्छीमारही समुद्रात जात नाहीत. म्हणून मेअखेर काम आटोपते घ्यावे.

सर्वांत अवघड प्रश्न पैशाचा आहे. अशी बहुतेक प्रशिक्षणे बिनपगारी असतात. ज्याचे आईवडील ऊसतोडीवरून नुकतेच परतले आहेत, जो सुट्टीत मोंढ्यात हमाली करून किंवा कारखान्यात रोजंदारीवर जाऊन पुढच्या वर्षाची फी जमवतो, त्याला महिनाभर बिनपगारी काम म्हणजे प्रवासखर्चाखेरीज महिन्याच्या मजुरीचेही नुकसान. त्यामुळे निसर्गरक्षणाच्या क्षेत्रात सुखवस्तू घरांतील मुले पुढे दिसतात आणि आपली मुले दिसत नाहीत. त्यांना निसर्गाचे प्रेम कमी असते असे मुळीच नाही, त्यांची सुट्टी मोकळी नसते. माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती येथेच आहे. प्रवासखर्च तर द्यावाच, पण त्या महिन्याची बुडालेली मजुरीही भरून द्यावी. मच्छीमाराच्या कापलेल्या जाळ्याची भरपाई शासन देऊ शकते, तर विद्यार्थ्याच्या बुडालेल्या रोजाची भरपाई आपण देऊ शकतो. वर्षाला दोन विद्यार्थी पाठवता आले तरी आरंभ चांगला होईल.

परत आल्यावर

या प्रशिक्षणाचे खरे फळ किनाऱ्यावर नव्हे, परतल्यावर दिसावयास हवे. समुद्र वाचवण्यासाठी जालन्याहून दोन मुले कोकणात गेल्याने समुद्र वाचत नाही. ती मुले शंभर मीटरचा पट्टा आखावयास, वस्तू मोजावयास आणि मोजलेल्या आकड्यांवरून उगम शोधावयास शिकून येतात, हे आपल्या कामाचे आहे. हीच पद्धत नदीकाठी जशीच्या तशी लागू पडते.

आमचा प्रस्ताव साधा आहे. प्रशिक्षण घेऊन आलेल्या विद्यार्थ्याने शाळेतील आठवी-नववीच्या मुलांना सोबत घेऊन कुंडलिकेच्या किंवा गावाजवळच्या नाल्याच्या काठावर एक कायमचा शंभर मीटरचा पट्टा ठरवावा. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा त्याची मोजणी करावी. मुलांनी काठावरूनच काम करावे आणि कीटकनाशकांच्या बाटल्यांना हात न लावता केवळ त्यांची नोंद करावी. तीन-चार वर्षांत वहीत जे जमेल ते ग्रामपंचायतीसमोर, नगराच्या प्रशासनासमोर आणि कृषी सेवा केंद्रांसमोर ठेवता येईल. बियाण्यांच्या पिशव्या अधिक आढळल्या तर त्या परत घेण्याची व्यवस्था विक्रेत्यांकडे मागता येईल. ठिबकच्या नळ्या अधिक असतील तर भंगारवाल्याला बांधावर बोलावण्याचा दिवस ठरवता येईल. आकडे हाती असले की मागणीला वजन येते. निवेदने लिहिण्याची आणि ती धसास लावण्याची परंपरा आपल्याला नवी नाही.

एक कासवी ओडिशाहून गुहागरला पोहोचली हे आपल्याला कळले, कारण कोणीतरी तिच्या पराला पट्टी लावली होती आणि दुसऱ्या कोणीतरी चार वर्षांनी ती पट्टी वाचून नोंद केली. दोघे एकमेकांपासून दूर, दोन वेगळ्या राज्यांत काम करीत होते. पण दोघांनीही आपल्या वाटणीचे काम नीट केले होते. आपल्या वाटणीचे काम गोदावरीच्या या काठावर आहे. येत्या उन्हाळ्यात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांना पाठबळ देऊ इच्छिणाऱ्या बांधवांनी शाळेच्या कार्यालयाशी अवश्य संपर्क साधावा. वही आणि दोरी आम्ही तयार ठेवतो.